व्युत्पत्ती लावावी की काढावी?

सहामाहीच्या मराठीच्या पेपरात आमच्या नातीचा एक गुण गेला. वीस वाक्यांच्या त्या प्रश्नात एक वाक्य असे होते : 'पुढील शब्दांची व्युत्पत्ती ......'. गाळलेल्या जागी योग्य क्रियापद भरायचे. नातीने 'लावा' असे लिहिले. बाईंनी त्यावर लाल फुली मारून शेजारी 'सांगा' असे लिहिले. एकच गुण, पण सातवीतल्या मुलीला तो राज्य गेल्यासारखा वाटतो, हे ज्यांच्या घरी सातवीतली मुलगी आहे त्यांना मी सांगायला नको. तिने उत्तरपत्रिका माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हीच तर नेहमी 'व्युत्पत्ती लावतो' म्हणता. मग ते चूक कसं?"

खटला माझ्यावरच आला म्हणायचा. तेहतीस वर्षे ज्याने या गावातल्या पोरांना मराठी शिकवले, त्याच्या घरात व्युत्पत्तीला कोणते क्रियापद जोडावे याचा पत्ता नाही, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. मी चष्मा पुसला. वेळ काढायची झाली की मी चष्मा पुसतो, हे आमच्या सौभाग्यवतींना ठाऊक असल्यामुळे त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सांगा आता!"

तेव्हा वाचकहो, त्या दिवशी नातीला जे सांगितले आणि जे तिला सांगायचे राहिले, ते या दिवाळीला तुमच्यापुढे मांडतो.

मराठीत क्रियापद ही फार मानी जात आहे. ते कोणत्याही नामाच्या पंक्तीला बसत नाही. शपथ आपण घेतो, वाहतो, खातो; पण शपथ पीत नाही. परीक्षा घेणारा वेगळा आणि देणारा वेगळा, आणि गंमत अशी की उत्तरे देतो तोच परीक्षाही देतो. पण सगळ्यांत बोलका दाखला लग्नाचा. लग्न जमवतो तो मध्यस्थ. ठरवतात ते वडीलधारे. लावतात ते गुरुजी. करतो तो नवरा. आणि मोडतो तो बहुधा मामा. नाम एकच, पण क्रियापद बदलले की माणूस बदलतो, त्याची जबाबदारी बदलते. गुरुजींनी लग्न 'लावले' म्हणून पुढे संसार कसा होतो याचा जाब त्यांना कोणी विचारत नाही.

व्युत्पत्तीचेही थेट असेच आहे. कोशकार व्युत्पत्ती 'देतात'. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड 1932 ते 1938 या काळात निघाले. त्यांत शब्दाचा अर्थ संपला की शेवटी चौकटी कंसात मूळ दिलेले असते. ज्याला हवे त्याने घ्यावे, उदार हाताचा व्यवहार. कृ. पां. कुलकर्ण्यांनी तर 1946 साली सबंध व्युत्पत्तिकोशच मराठीला दिला. इतिहासाचार्य राजवाडे 'शोधणारे' होते. गावोगाव दप्तरे धुंडाळता धुंडाळता त्यांनी शब्दही वेचले, आणि त्यांचे धातुकोश आणि नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश त्यांच्यामागे धुळ्याहून छापले गेले. मास्तर व्युत्पत्ती 'सांगतात', कारण मास्तरांना सगळेच सांगावे लागते. आणि जुने शास्त्री 'निर्वचन करीत'. त्यांच्या तोंडी 'व्युत्पत्ती' हा शब्द दुसऱ्याच अर्थाने असे. कवीला प्रतिभा हवी, व्युत्पत्ती हवी आणि अभ्यास हवा, असे जुने अलंकारशास्त्र म्हणते; तिथे व्युत्पत्ती म्हणजे विद्वत्ता. माझे वडील एखाद्या शास्त्र्याला 'मोठे व्युत्पन्न' म्हणत, तेव्हा त्या शास्त्र्यांचे मूळ कोठे सापडले असा त्याचा अर्थ नसे.

राहता राहिली दोन क्रियापदे, 'काढणे' आणि 'लावणे'. खरी भानगड या दोघांची आहे.

काढणे म्हणजे आत असलेले बाहेर आणणे. आडातून पाणी काढतो, पायातून काटा काढतो, फडताळातून डबा काढतो. शब्दाच्या पोटात मूळ दडलेले असते ते आपण काढतो, असे म्हणायला ठीक. पण मुलाने कोऱ्या कागदावर चित्र काढले, तेव्हा ते कागदाच्या पोटात होते काय? म्हणजे 'मी व्युत्पत्ती काढली' असे कोणी म्हणाला, की आपण विचारावे : बाबा रे, पाणी काढल्यासारखी की चित्र काढल्यासारखी?

आणि 'लावणे'! शोध लावतो, अर्थ लावतो, इथपर्यंत ते सभ्य आहे. पण ठिगळही लावतात. बोल लावतात. चुना लावतात. वाटही लावतात. लग्न लावणाऱ्या गुरुजींसारखा व्युत्पत्ती लावणारा दोन शब्द समोरासमोर उभे करतो, मध्ये अंतरपाट धरतो, आणि दोघांची सात जन्मांत ओळख नसली तरी अक्षता टाकून मोकळा होतो.

नातीला हे पटले. तिने लगेच परीक्षा घेतली. "मग शंकरपाळ्याची सांगा."

आत कातणीचे चाक पोळीवरून फिरत असल्याचा आवाज येत होता. मी म्हटले, "सोपं आहे. शंकराच्या नैवेद्याला करीत, म्हणून शंकरपाळे. पाळे म्हणजे..." इथे मी क्षणभर थांबलो. पाळ्याचे काय करावे ते सुचेना. पाळणे, पाळी, ओळीने मांडलेले...

"अहो, कसला शंकर?" आतून आवाज आला. सौभाग्यवतींचे माहेर हैदराबादचे. "आमच्या शेजारच्या खालाजान ईदेला आमच्या घरी पाठवायच्या. शक्करपारे म्हणायच्या त्या. शक्कर म्हणजे साखर, पारा म्हणजे तुकडा. साखरेचा तुकडा. मैदा भिजवताना साखर घालते मी, शंकर घालत नाही!"

नात इतकी हसली की पेपरातला गुण विसरली. मी कोश पाहिले. बाईसाहेबांचे खरे होते. फारसीतला 'शकरपारा' दक्खनमध्ये उतरला, आणि मराठी तोंडाला 'शकर' अनोळखी वाटला तेव्हा त्याने ओळखीतल्या शंकराला बोलावून आणले. 'पारे'चे 'पाळे' झाले. म्हणजे व्युत्पत्ती मी एकट्यानेच लावली नव्हती. माझ्या आधी सबंध महाराष्ट्राने ती लावून शब्दाचे रूपच बदलून टाकले होते. त्यातली गोड गोष्ट पुढे आहे. फारसीतला हा 'शकर' मुळात आपल्याकडूनच गेलेला. संस्कृत शर्करेचे प्राकृतात 'सक्कर' झाले. त्याची एक लेक मराठीत 'साखर' होऊन घरीच राहिली, दुसरी इराणात नांदायला गेली आणि शेकडो वर्षांनी शंकराचे नाव लावून माहेरी आली. तळणीपुढे उभ्या असलेल्या बाईला तिची ओळख पटली, मराठीच्या मास्तराला पटली नाही.

तरी फराळाबाबत मी माझी थोडी अब्रू राखली. 'फराळ' हा मुळात फलाहार. 'फळार' होता होता जिभेने र आणि ळ यांच्या जागांची अदलाबदल केली. ज्यात औषधालाही फळ नाही अशा चकली-कडबोळ्यांच्या ताटाला आपण फळांच्या आहाराचे नाव देतो, आणि वैद्यांना नावे ठेवतो.

पण लावलेली व्युत्पत्ती आणि काढलेली व्युत्पत्ती ओळखायची कशी? नातीने हेच विचारले, आणि इथे मला आमच्या जिल्ह्याने हात दिला. आमच्या शहरापासून पैठण जेमतेम पन्नास किलोमीटर. एखादा म्हणेल, सातवाहनांची राजधानी, मोठी बाजारपेठ, म्हणून पेठेवरून पैठण. ऐकायला काय सुरेख! पण ही लावलेली. आता काढलेली बघा. गावाचे जुने नाव प्रतिष्ठान. प्राकृतात शब्दाच्या आरंभीच्या जोडाक्षरातला र गळतो, 'प्र'चा 'प' होतो. दोन स्वरांमध्ये सापडलेला त विरून जातो आणि मागे 'इ' उरते. 'ष्ठ'चा 'ट्ठ' होतो, न चा ण होतो. झाले 'पइट्ठाण'. पुढे मराठीत अ आणि इ मिळून ऐ, दुहेरी ट्ठ एकेरी, की पैठण. आता एवढे सगळे मी पैठणसाठीच रचले असते तर तुम्ही मला चित्र काढणारा म्हटले असते. पण तोच 'ष्ठ' ओष्ठात होता, त्याचा ओठ झाला. पृष्ठात होता, त्याची पाठ झाली. कोष्ठकात होता, त्याचा कोठा झाला. जो नियम ओठाला लागू तोच पैठणला. शिवाय साक्षीदार आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासवृत्तात हे गाव 'पैठाण' अशा वळणाने येते, आणि दुसऱ्या शतकात टॉलेमी त्याला 'बैठाण' म्हणतो. म्हणजे तेव्हाच लोकांच्या तोंडातला 'ति' विरला होता.

दिवाळीही अशीच तपासून घ्यावी. दीपावलीतला प सुटून व आला, तो दीपकाच्या 'दिव्या'त आणि कपाटाच्या 'कवाडा'तही आला आहे. घरातल्या दोन-तीन शब्दांनी एकाच वाटेने प्रवास केलेला दिसला, की वाट खरी मानायला हरकत नाही.

हा वाद काही आजचा नव्हे. यास्काच्या निरुक्तात गार्ग्य नावाच्या आचार्याचा आक्षेप नोंदलेला आहे. सगळी नामे धातूंपासूनच निघाली असे म्हणणाऱ्यांना तो म्हणतो, वाट व्यापतो म्हणून घोड्याला अश्व म्हणायचे, तर वाट व्यापणाऱ्या प्रत्येकाला अश्व का म्हणत नाही? टोचते ते तृण, तर सुईलाही तृण म्हणा! मला हा गार्ग्य फार आवडतो. प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर एक तरी गार्ग्य असतो. यास्काने त्याला उत्तरे दिली आहेत. पण त्याच ग्रंथात यास्क असेही बजावतो की अर्थाचे बोट धरून निर्वचन करावे, पण करणार नाही असे कधी म्हणू नये. हा उपदेश आम्हा मास्तरलोकांनी अडीच हजार वर्षे तंतोतंत पाळला. 'ठाऊक नाही' हे दोन शब्द वर्गात उच्चारणे आमच्या जातीत बसत नाही.

माझ्या वर्गातल्या गार्ग्याची गोष्ट आता सांगायला हवी. ही नातीला मी सांगितली नाही.

1986 साल. आठवीचा वर्ग. त्या काळी या शहराला औरंगाबाद म्हणत. छत्रपती संभाजीनगर हे नाव 2023 साली सरकारी आदेशाने आले. अशी दिलेली नावे व्युत्पत्तीवाल्याला काही काम देत नाहीत, त्यांची तारीख पाहिली की पुरे. औरंगजेबाने 1653 मध्ये आपले नाव दिले, त्याआधी मलिक अंबराच्या मुलाने फतेहनगर केले. पण 1610 मध्ये मलिक अंबराने जिथे राजधानी वसवली त्या गावाचे नाव खडकी, आणि ते कोणी दिलेले नव्हे, पडलेले होते. खडकाळ जागा, म्हणून खडकी. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे तिथे खडकी आणि खिडकी सारखेच दिसतात. इंग्रजांनी ते 'खिरकी' असे वाचून छापले. नाव पडणे, ठेवणे, देणे यांतला फरक मी त्या दिवशी मुलांना रंगून रंगून सांगत होतो. पुरे सांगून झाले : मिर्झाराजे जयसिंगांचा जयसिंगपुरा, बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा कर्णपुरा, त्याच्या मुलाचा पदमपुरा. मग दरवाजांवर आलो. आणि एका मुलाने विचारले, "सर, मकई दरवाजा?"

मला ठाऊक नव्हते. पण यास्काचा वारसा! मी म्हणालो, "मकई म्हणजे मका. पलीकडच्या शेतांतून मक्याच्या गाड्या या दरवाजाने शहरात येत. म्हणून मकई दरवाजा." मुलांनी वहीत उतरवून घेतले.

तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. बेगमपुऱ्यातला, मितभाषी, मराठीत जेमतेम पास होणारा. म्हणाला, "सर, आमचे दादा मक्का दरवाजा म्हणतात. मक्का शरीफचा."

वर्ग हसला. मीही हसलो. म्हणालो, "मक्का इथून किती लांब आहे ते भूगोलाच्या सरांना विचार. बस खाली." तो बसला. त्या वर्षी त्याने पुन्हा काही विचारले नाही. हे मला तेव्हा जाणवले नाही; नंतर जाणवले.

कारण पुढे सात-आठ वर्षांनी शहराचा एक जुना नकाशा माझ्या हाती आला. तटबंदीच्या उत्तरेला दिल्ली दरवाजा. पूर्वेला जालना दरवाजा. दक्षिणेला पैठण दरवाजा. तिन्ही दरवाजे ज्या गावाकडे तोंड करून उभे, त्या गावांची नावे लावून उभे. आणि चौथा पश्चिमेचा. या मुलखातून मक्का कोणत्या दिशेला हे नमाज पढणाऱ्या प्रत्येक माणसाला ठाऊक असते. ज्या नियमाने तीन दरवाजांना नावे मिळाली त्याच नियमाने चौथ्याला. जुन्या इंग्रजी पुस्तकांतही त्याला मक्केचाच दरवाजा म्हटले आहे. दिल्ली काय इथून जवळ आहे? पण दिल्ली दरवाजाखाली दिल्ली किती लांब हे मी कोणाला विचारले नव्हते.

मी तो नकाशा घडी करून ठेवला, आणि पुढच्या वर्गांना मकई दरवाजाची खरी हकीगत सांगू लागलो. खोटे कशाला बोलू, 'मागे मी चुकीचे सांगत होतो' एवढे मात्र गाळून.

शंकरपाळ्यांच्या त्या संध्याकाळनंतर मला चैन पडेना. खालाजानचे ऐकून घेणारी मुलगी माझ्या घरात होती म्हणून शब्द सापडला. दादांचे ऐकून आलेला मुलगा माझ्या वर्गात होता, त्याला मी खाली बसवले. त्याचे शहागंजात घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे हे मी ऐकून होतो. शहागंजातून हजारदा गेलो असेन, दुकानात कधी गेलो नव्हतो. वडिलांचे किल्लीचे घड्याळ बारा वर्षे बंद होते. ते खिशात घातले आणि निघालो.

त्याने मला पाहताक्षणी ओळखले. डोळ्यावरची भिंग लावलेली नळी काढून उभा राहिला. "सर, या, या. बसा." स्टूल पुसून दिले. केस पांढरे झालेले. चहा मागवला. घड्याळ उघडून पाहिले, म्हणाला, "स्प्रिंग चांगली आहे सर. तेल वाळून गेलंय, बस."

तो आतली चाके चिमट्याने काढून एकेक तबकडीत ठेवत होता. ती सगळी निघेपर्यंत मी गप्प होतो. मग म्हणालो, "तू आठवीत मकई दरवाजाचं सांगितलं होतंस. ते बरोबर होतं. मी सांगितलं ते मी लावलेलं होतं."

त्याने मान वर केली नाही. चिमट्यातले चाक तबकडीत ठेवले आणि म्हणाला, "मालूम आहे सर."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. दादांना घरी जाऊन सांगितलं, सर मक्याचा म्हणतात. दादा म्हणाले, उस्ताद आहेत, वर्गात त्यांचंच लिही. मार्क जातील." मग तो हसला. "परीक्षेत आलं होतं सर. मी मका लिहिलं. पूर्ण मार्क दिले तुम्ही."

मी चष्मा पुसला. त्याला वाटले, दुकानातल्या धुळीने.

घड्याळ दोन दिवसांनी मिळणार होते. आणायला गेलो तेव्हा शंकरपाळ्यांचा डबा बरोबर नेला. दिवाळी चार दिवसांवर आली होती, शहागंजात उभे राहायला जागा नव्हती. डबा त्याच्यापुढे ठेवून मी मोठ्या ऐटीत म्हटले, "घे. घरचे शक्करपारे आहेत."

त्याने झाकण उघडून आत पाहिले, एक तोंडात टाकला आणि आतल्या खोलीकडे वळून बायकोला हाक मारली, "अगं, सरांनी शंकरपाळे आणलेत!"

"तुम्ही शंकरपाळे म्हणता?" मी विचारले.

"मग काय म्हणायचं सर?" तो म्हणाला.